मारणाऱ्याचा हात

पहिला दाब इतका हलका होता की रंगराव चौगुलेने विचारलं, "चालू झालं का न्हाई अजून?"

"झालंय," पडद्याच्या बाजूला उभे असलेले डॉ. अन्वर मुजावर म्हणाले. "आता तुमच्या बोटावर जेवढा दाब आला तेवढाच परत द्या. कमी नाही, जास्त नाही."

रंगरावची डावी तर्जनी एका खाचेत अडकवलेली होती आणि तिच्यावर पोलादी दांडी टेकलेली होती. उजव्या हाताखाली एक कळ होती. त्याने ती दाबली की पडद्यापलीकडची तशीच दांडी पुंडलिक आसुटकरच्या बोटावर उतरायची, आणि पुंडलिकने त्याची कळ दाबली की रंगरावच्या. भांडणाऱ्या दोन टोळ्यांचे हे दोघं म्होरके या खेळाला तयार झाले होते त्याचं कारण एकच होतं. समोरचा लबाड आहे हे यंत्रच सिद्ध करून देईल, अशी दोघांचीही खात्री होती.

काचेआडून ऋजुता डोईफोडे पाहत होती. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या या बर्फखाणीत ती मध्यस्थ म्हणून आली होती, पण उमेदवार मध्यस्थ. परभणीच्या एका मुलींच्या वसतिगृहात वीस वर्षं अधीक्षिका म्हणून काढल्यावर, गरम पाण्यावरून होणाऱ्या मारामाऱ्या सोडवता सोडवता तिला वाटलं होतं की आपल्याला येतं ते हेच. मग पुस्तकं आणून स्वतःच शिकली, पंचेचाळिशी उलटल्यावर परीक्षा दिली. पक्की सनद मिळायला एक खरंखुरं भांडण मिटवून दाखवायचं होतं. पृथ्वीवर कोणी घेईना ते भांडण सनद देणाऱ्या मंडळाने तिला दिलं. ती यानातून उतरली तेव्हा वाहतूक टोळीतली सगुणा तिच्या छातीवरची नावाची पट्टी वाचून म्हणाली होती, "डोईफोडे? आन् ह्या भांडण मिटवणार? झालं मग."

थोड्याच आवर्तनांत खेळाचा रंग बदलला. पुंडलिकचा जबडा आवळला गेला. रंगराव कळीवर खांद्यापासून भार टाकू लागला. दांडीचा आवाज आधी टिचकीसारखा येत होता, तो दार आपटल्यासारखा यायला लागला. रंगरावच्या नखाखाली काळं साकळलं, मग नख मधोमध तडकलं.

"तेवढंच देतोय मी!" तो ओरडला. "ह्योच वाढवाय लागलाय!"

"खोटारडा बे!" पडद्यापलीकडून पुंडलिक. "म्या रत्तीभर जास्त नाई देल्लं!"

पुंडलिकने खाचेतून बोट हिसकलं, त्याबरोबर बोटाची सालही निघाली, आणि तो पडदा फाडून आला. चंद्रावर एक माणूस दुसऱ्यावर झेपावला की दोघंही जमिनीवरून सुटतात आणि मारामारी हवेत चालू राहते. रंगरावचं कपाळ पुंडलिकच्या नाकावर आदळलं. पुंडलिकने त्याचा कान दातात धरला. ते दोघं छतापर्यंत गेले आणि पिसासारखे खाली आले. रक्ताचे थेंब त्यांच्यामागून सावकाश उतरत राहिले.

दोन पहारेकऱ्यांनी त्यांना सोडवलं, तेव्हा कानाचा एक तुकडा पुंडलिकच्या तोंडात होता.

"थुंक तो," ऋजुता दारातून म्हणाली. वसतिगृहातला आवाज होता तो. पुंडलिक थुंकला.

जखमा शिवून दोघं आपापल्या टोळीत गेल्यावर मुजावरांनी तिला यंत्राची नोंद दाखवली. रेघ पायऱ्यांसारखी चढत गेली होती. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा साधारण एकतृतीयांश उंच.

"कोण वाढवतंय?" तिने विचारलं आणि लगेच जीभ चावली. कोणी केलं, हे मध्यस्थाने कधीच विचारायचं नाही, हा तिच्या धंद्यातला पहिला नियम. ज्या क्षणी मध्यस्थ तसं विचारतो त्या क्षणी तो न्यायाधीश होतो, आणि न्यायाधीशासमोर माणसं खरं बोलत नाहीत.

"दोघंही," मुजावर म्हणाले. ते मज्जाविज्ञानी होते, मिरजेचे, बोलताना चष्मा कपाळावर सरकवायची सवय. "आणि गंमत म्हणजे दोघंही खरं बोलतायत. तुमच्या घराच्या वरच्या मजल्यावर कोणी राहतं?"

"परभणीत राहायचे."

"ते चालले की छत हादरायचं?"

"धाडधाड. मी तर किती हळू चालते."

"तुमच्या खालचे काय म्हणायचे?"

ऋजुताला हसू आलं.

"आपला हात काय करणार हे मेंदूला आधीच ठाऊक असतं," मुजावर सांगू लागले. "म्हणून जे जाणवणार त्याचा तो अंदाज बांधतो आणि तेवढं वजा करून टाकतो. मी याला स्ववजावट म्हणतो. ती नसती तर चालणं, चावणं, कपडे घालणं, सगळ्याचा गोंगाट झाला असता. पण त्यामुळे होतं काय, की आपण दिलेला फटका आपल्याला हलका लागतो आणि आलेला पूर्ण लागतो. रंगराव घेतो तेवढंच द्यायला जातो, पण दिलेलं त्याला कमी वाटतं, म्हणून थोडं वाढवतो. पुंडलिकचंही तेच. जेवणाच्या रांगेत लागलेल्या कोपरापासून इथपर्यंत हे लोक याच जिन्याने आलेत."

जिना बराच वर आला होता. कोपराच्या जागी चापट आली, चापटीच्या जागी पाना. पुंडलिकच्या खोदाई टोळीतल्या एकाचा जबडा रंगरावच्या वाहतूक टोळीने बलहस्ताने चिरडला होता. बर्फाचे खडक उचलायला खाणकाम करणारे जे पोलादी हातमोजे घालत, ते बलहस्त. माणसाची ताकद आठपट करणारे. उत्तर म्हणून वाहतूक टोळीतल्या एकाचा पंजा मनगटापासून गेला होता. वरची पायरी कोणती, हे सगळ्यांना दिसत होतं.

"वजावट बंद करता येते?" ऋजुताने विचारलं.

मुजावरांनी खणातून एक पट्टी काढली. कपाळावरून मागे मानेपर्यंत जाणारी, आतून लहान लहान चकत्या लावलेली. "ही समभार पट्टी. मेंदूच्या मागच्या भागात हा अंदाज बांधला जातो. पट्टी तिथे सूक्ष्म स्पंदनं पाठवून तो वजा होऊ देत नाही. बांधून बघा. आता आपल्याच तळव्यावर चापट मारा."

ऋजुताने मारली आणि दचकून मागे पाहिलं. तळवा झिणझिणत होता. डोळ्यांत पाणी आलं.

"एवढ्या जोरात?"

"नेहमीएवढ्याच जोरात. फक्त आज तुम्हाला पूर्ण लागली."

तिने एकेका टोळीची वेगळी एकांत बैठक घेतली. मग समोरासमोर बैठक झाली, आणि तिथे तिने पट्ट्या टेबलावर ठेवल्या.

"दोन्ही टोळ्यांनी बांधायच्या. झोपतानासुद्धा."

"आमी कशाला?" सगुणा म्हणाली. ती रंगरावची पुतणी, बर्फाची मालगाडी चालवायची, आणि टोळीत रंगरावच्या खालोखाल तिचा शब्द चालायचा. "मारत्यात हे, आन् औषध आमाला?"

"पाय ना बाप्पा," पुंडलिकने छताला सांगितलं. "मारते कोण अन् बोलते कोण."

"मीही बांधणार आहे," ऋजुता म्हणाली.

नंतर मुजावरांनी तिला बाजूला घेतलं. "तुम्ही कोणाला मारणार आहात, बाई?"

"पक्षकारांवर जे लादायचं ते मध्यस्थाने आधी स्वतःवर घ्यायचं असतं, डॉक्टर. तीच खुर्ची, तेच पाणी. नाहीतर ते मला वरची समजतात."

पट्ट्यांचा परिणाम पहिल्याच आठवड्यात दिसला. रंगराव भोजनगृहात चिडून टेबलावर मूठ आपटायला गेला आणि "आयाईगं" करत हात झटकत बसला. पुंडलिक इतका हसला की त्याच्या नाकाचे टाके ताणले. खोदाईवाल्या एकाने वाहतुकीच्या माणसाला दारातून ढकललं आणि स्वतःच भेलकांडला. लोक वस्तू हळू ठेवायला लागले. दारं लावण्याचा आवाज थांबला. खाणीच्या व्यवस्थापकाने पृथ्वीला कळवलं की जखमींची खोली रिकामी आहे.

ऋजुताच्या बाबतीत एक लहानशी गोष्ट घडत होती आणि ती तिने कोणाला सांगितली नव्हती. नवरा गेल्याला बरीच वर्षं झाली होती. झोपण्याआधी तिला एक हात दुसऱ्या हातात घेऊन पडायची सवय होती. आता तसं केलं की दुसरं कोणीतरी हात धरून बसलंय असं वाटायचं. आधी नुसतं उबदार वाटायचं. पुढे पुढे कोणाचा हात आहे हे बघायला तिला डोळे उघडावे लागायचे. पट्टीचा हा एक चांगला गुण, असं समजून ती झोपी जायची.

एकांत बैठका चालूच होत्या. त्यांत जे बोललं जातं ते मध्यस्थ दुसऱ्या बाजूला सांगत नाही. ऋजुता ऐकायची आणि बोलणाऱ्याचं म्हणणं सौम्य शब्दांत त्यालाच परत सांगायची. धंद्यात यालाच कसब म्हणतात.

"काल भांडारात तेनं माझ्या हातावर मारलं," रंगराव म्हणाला. "उगीच. मी त्येच्या खांद्याला नुसता धरला हुता."

"म्हणजे तुम्हाला हाताला लागलं, आणि कारण नसताना लागलं याचं वाईट वाटतंय."

"व्हय. बराबर बोलला."

तासाभराने पुंडलिक आला. खांदा लाल झाला होता. "रंग्यानं खांदा असा पिळला, बाई. म्या हात सोडवला त हातावरच फटका देल्ला मले."

"म्हणजे तुम्हाला खांद्याला आणि हाताला लागलं."

"लागलंच ना."

सगुणाने सांगितलं की एका खोदाईवाल्याने तिच्या बोटांवर मारलं. खोदाईवाल्याने सांगितलं की सगुणाने त्याच्या तोंडावर मारलं, आणि त्याचा ओठ फाटलेला होता. ऋजुताने दोघांनाही सांगितलं की तुमचं दुखणं मी ऐकलं. हातावर मारलं, बोटांवर मारलं, पंजावर मारलं, असं ती रोज ऐकत होती. दुसरा एखादा माणूस, साधा हवालदार जरी असता, तरी त्याने दोन्ही जबान्या शेजारी ठेवून विचारलं असतं की एका झटापटीत एवढे फटके कुठून आले, आणि मारणाऱ्याला लागतंय कसं. ऋजुता चांगली मध्यस्थ होती. तिने विचारलं नाही.

करार तयार झाला. बलहस्त कुलपात राहतील, भोजनाच्या वेळा वेगळ्या, खटका उडाला तर आधी मध्यस्थाकडे यायचं. सही करायला फक्त दोघं म्होरके आले. खोलीत पहारेकरी नव्हता, चित्रण नव्हतं. तोही नियम होता. तीन सारख्या खुर्च्या, टेबल आणि भिंतीवर अडकवलेली प्राणवायूची आणीबाणीची टाकी, एवढंच सामान.

रंगरावने सही केली. पुंडलिकने केली.

"कानाचं वाईट वाटते, रंगराव," पुंडलिक म्हणाला. "चव बी काई खास नव्हती."

रंगराव मोठ्याने हसला. उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि पुंडलिकच्या पाठीत कौतुकाची एक सणसणीत थाप दिली.

मग तो थबकला. आपल्या तळव्याकडे बघू लागला.

"मारलंस?" तो म्हणाला. "सही करून मारलंस?"

"म्या कुठं..."

रंगरावची मूठ पुंडलिकच्या गालफडावर बसली. पुंडलिक खुर्चीसकट मागे गेला, सावकाश, भिंतीला टेकेपर्यंत. त्याने उठून एक ठोसा परत दिला, आणि लगेच स्वतःची मूठ पोटाशी धरून "मारू नको बे!" असं ओरडत दुसरा दिला. ऋजुता दोघांची नावं घेत होती. कोणीच ऐकत नव्हतं. रंगरावने पुंडलिकला जमिनीवर दाबलं. तिथे वजन कमी, म्हणून त्याने एका हाताने टेबलाचा पाय धरला होता आणि दुसऱ्या हाताने तो मारत होता. ओठ फाटला. नाकाची शिवण उसवली. डोळ्याची खोबण खचली, तिचा आवाज ऋजुताने ऐकला. पुंडलिकचे हात बाजूला पडले. त्याने प्रतिकार केव्हाच सोडला होता.

आणि रंगराव रडत होता.

"थांब," तो म्हणत होता आणि मारत होता. "थांब रं बाबा, पुरे झालं, पाया पडतो, नगं मारूस!" प्रत्येक ठोशाला तो कळवळत होता, आणि कळवळून पुढचा ठोसा घालत होता. मारणारा दयेची भीक मागत होता आणि मार खाणारा गप्प पडला होता.

ऋजुताने दाराची कळ दाबली. दार बाहेरून उघडायला वेळ लागणार होता. तिने भिंतीवरची टाकी उचलली आणि रंगरावच्या खांद्यावर मारली, त्याने सोडावं म्हणून, एकदाच.

रंगराव वळला आणि त्याने तिच्या हातावर घाव घातला. मनगटापासून कोपरापर्यंत कळ गेली. तिने टाकी आडवी धरली. त्याने पुन्हा मारलं. ती ओरडली की मी मध्यस्थ आहे, मला मारू नका. त्याने पुन्हा मारलं. त्याच्या चेहऱ्यावर रक्त होतं, त्याचे डोळे तिच्याकडे बघत होते आणि मग बघत नव्हते, तरी तो मारतच राहिला. दार उघडलं तेव्हा ती भिंतीला पाठ लावून बसली होती आणि टाकी तिच्या मांडीवर होती.

रंगरावच्या डोक्याची डावी बाजू शिल्लक नव्हती.

व्यवस्थापक चौकशीला आला तेव्हा ऋजुताने खरं तेच सांगितलं. म्हणजे तिला जे खरं वाटत होतं ते. पुंडलिक आणि रंगराव एकमेकांना मारत होते, ती सोडवायला गेली, रंगरावने तिला हातावर मारलं, तिने टाकी आडवी धरली. पुंडलिक शुद्धीवर आल्यावर त्याच्या एका उरलेल्या डोळ्यासमोर व्यवस्थापकाने प्रश्न ठेवला, आणि त्याने फाटक्या ओठांनी सांगितलं, "माह्याच हातानं मेला असन. मले आठवत नाई. पण दुसरं होतं कोण तिथं? बाईनं त नसन मारलं."

प्रकरण मिटल्यासारखं झालं. पृथ्वीवरून मंडळाचा निरोपही आला. दोन्ही म्होरक्यांच्या सह्यांचा करार पोचला होता. सनद मंजूर झाली होती.

मुजावरांनी तिला तपासायला बोलावलं. पट्टी काढलेली होती, तिचीही आणि सगळ्यांचीच. ते तिची पाठ, दंड, चेहरा बघत होते.

"कुठे दुखतंय?"

"उजवा तळवा. मनगट. इथून कोपरापर्यंत."

"आणखी?"

"आणखी कुठेच नाही."

"रंगरावने किती वेळा मारलं तुम्हाला?"

"मोजलं नाही. पुष्कळदा. जीव खाऊन."

मुजावरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि ते तिच्या दंडावरची कोरी कातडी बघू लागले. "बाई, एवढा मोठा माणूस जीव खाऊन मारतो आणि अंगावर एक वळ उठत नाही?"

ऋजुताने बाही खाली ओढली.

"माझी चूक तुम्हाला सांगतो," ते म्हणाले. "मी समजत होतो की वजावट म्हणजे फक्त आवाज कमी करणं. ती आपल्या कामाखालची सही आहे. हात हलला, मेंदूने बांधलेला अंदाज जुळला, वजा झाला, म्हणून आपल्याला कळतं की हे मी केलं. वजा झालंच नाही तर हे बाहेरून आलं. सुरुवातीला मेंदू जुन्या सवयीने ओळखत होता. पण अंदाज रोजच चुकतोय म्हटल्यावर त्याने अंदाज बांधणंच सोडलं. मग माणूस मारतो, आणि त्याला कळतं ते एवढंच, की हाताला जोरात लागलं. समोर जो असेल त्याने मारलं. तो परत मारतो. परत लागतं. समोरच्याने काही करण्याची गरजच उरत नाही."

हातावर मारलं. बोटांवर मारलं. पंजावर मारलं. ऋजुताला सगळ्या एकांत बैठका एकामागून एक आठवल्या. ज्याचा हात दुखत होता, त्याने मारलं होतं. प्रत्येक वेळी. आणि ती म्हणाली होती, तुमचं दुखणं मी ऐकलं.

तिने आपला उजवा तळवा उघडून पाहिला.

"पट्टी माझी होती," मुजावर हलक्या आवाजात म्हणाले. "रंगराव कशाने मेला हे तुम्हाला आणि मला सोडून कोणाला ठाऊक नाही. पुंडलिकची कबुली झालेली आहे. आणि तुम्हाला आठवत तर नाहीच ना."

"आठवतं," ऋजुता म्हणाली. "रंगरावने मला मारल्याचं लख्ख आठवतं. आताही. शपथेवर सांगेन."

"मग?"

बाहेर काहीतरी धातूचं आपटलं, तशी ऋजुता धावत बाहेर गेली. पुंडलिकच्या खोलीसमोरच्या बोळात वाहतूक टोळी उभी होती. भांडाराचं कुलूप फोडलेलं होतं. सगुणाने दोन्ही हातांत बलहस्त चढवले होते आणि त्यांची पोलादी बोटं उघडमीट करत होती. तिच्यासमोर चाकाच्या खुर्चीत पुंडलिक होता, डोकं बांधलेलं, फासळ्या आवळलेल्या. पहारेकरी कुठेतरी निघून गेले होते. ऋजुता दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"बाजूला व्हा, बाई," सगुणा म्हणाली. "करार माझ्या काकानं केला हुता. काका न्हाई, करार न्हाई."

"करारासाठी नाही आले. याने तुझ्या काकाला मारलेलं नाही."

"त्योच म्हणतोय मारलं म्हणून!"

"त्याला आठवत नाही. तो हिशेबाने म्हणतोय. मीही हिशेबानेच सांगतेय." ऋजुताने दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत वर केल्या. "बघ. मला मार लागलेला नाही. फक्त तळवा दुखतोय. तुझाही दुखायचा, सगुणा. ज्या दिवशी त्या पोराचा ओठ फाटला, त्या दिवशी कोणी मारलं होतं?"

सगुणाची पोलादी बोटं थांबली. तिने आपल्या हातांकडे पाहिलं, मग ऋजुताकडे.

"तुमाला वाटतंय का तसं? आतनं?"

"नाही. आतून वाटतं, त्यानेच मला मारलं. पण वाटण्यावर सोडलं तर या खाणीत कोणीच कधी कोणाला मारलेलं नाही. तुझा काका मेलेला आहे."

मग टोळीतला एक म्हातारा म्हणाला, "आता बाई आन् आपन, ह्येच भांडान झालं की. मधी कोन बसणार?"

"मी बसतो," पुंडलिक म्हणाला.

"तू?"

"दुसरं कोण हाय इथं? माह्या टोळीचं कोणी मेलं नाई. बाईशी माहं वैर नाई. अन् रंग्या मले मारता मारता रडून रायला होता, ते म्या ऐकलं हाय." त्याने स्वतःच चाकं फिरवली आणि खुर्ची दोघींच्या मधोमध आणली. खोकल्याने त्याच्या ओठावर रक्त आलं, ते त्याने बाहीला पुसलं. "मले तुमच्यासारखं गोड बोलता नाई येत, बाई. तुमचे नेम बी नाई मालूम."

"नको ते नियम," ऋजुता म्हणाली. "तुला जे विचारायचं ते विचार."

पुंडलिकने एका डोळ्याने तिच्याकडे पाहिलं.

"कोणं मारलं?"

"मी."

"कायनं?"

"टाकीने. पहिल्यांदा तुला वाचवायला. पुढचे सगळे... पुढचेही माझेच."

सगुणा पुढे झाली. पुंडलिकने तिला अडवण्यासाठी हात वर केला नाही, नुसता तिच्या बाजूला वळला. "आता तू बोल. किती बी वेळ बोल. हात खाली ठेवून."

सगुणाने दातांनी उजव्या बलहस्ताची कडी सोडवली. तो हातातून निसटला आणि सावकाश जमिनीकडे गेला. डावा तिने तसाच ठेवला होता. ऋजुता बाह्या वर केलेल्या तशाच अवस्थेत तिच्यासमोर उभी राहिली.